दाखला वेळेवर कोणी मागितला नाही

मार्च 2023 मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून फाशीची शिक्षा झालेला एक कैदी सुटला. वय 41, त्यातली 28 वर्षं गजाआड. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं नव्हतं. 1994 मध्ये पुण्यात पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली, तेव्हा हा आरोपी साडेबारा वर्षांचा होता, एवढंच मान्य केलं. (नाव मुद्दाम देत नाही. बालन्याय कायद्याला ते मंजूर नाही.)

राज्यात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच कारागृहांत आहे. नागपूर तर शेजारीच, म्हणजे वर्ध्यातल्या माणसाला ही गोष्ट परकी नाही. फाशीवरचा वादही इथे जुनाच. 1937 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहत असताना गांधीजींनी ‘हरिजन’मधून फाशी अहिंसेच्या विरुद्ध असल्याचं म्हटलं होतं. पुढे 1942 च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या चिमूरला इंग्रज सरकारविरुद्ध जो उठाव झाला, त्यात कित्येकांना फाशी सुनावली गेली. ज्यांच्या फाशा तोवर कायम होत्या, त्यांच्या 1945 मध्ये रद्द झाल्या, त्या गांधीजी, अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी सरकारचा पिच्छा पुरवल्यावर.

मुलांपुरता मात्र वाद कागदावर कधीच मिटला आहे. नागरी व राजकीय हक्कांचा 1966 चा आंतरराष्ट्रीय करार अठराच्या आतल्याने केलेल्या गुन्ह्याला फाशी नाही असं स्पष्ट सांगतो. भारताने तो 1979 मध्ये स्वीकारला, बालहक्क संहिता 1992 मध्ये. देशाच्या कायद्याने मुलग्यांसाठीची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेली ती 2000 मध्ये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला अठराच्या आतल्याला फाशी नको ही गोष्ट पटायला 2005 उजाडलं आणि इराणला अजून पटलेली नाही.

मग पुण्याच्या खटल्यात साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी झालीच कशी? पोलिसांच्या कागदांवर वय विशीच्या घरात लिहिलं गेलं. 1998 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. एकाही टप्प्यावर शाळेचा दाखला समोर आला नाही. तो होता बिकानेर जिल्ह्यातल्या एका गावच्या सरकारी शाळेत: जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982. फक्त नाव थोडं वेगळं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं, तेव्हा कुठे ती नोंद आणि हा कैदी एकच आहेत हे ठरलं. बालन्याय कायद्यात अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. इथे 28 गेली.

हे एकच प्रकरण असतं तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या एका दरोडा-खून खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आत होता, हे नंतर उघड झालं. 2019 मध्ये तर त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला लावली.

2020 मध्ये हिंगणघाटच्या शिक्षिकेला पेटवून देण्यात आलं, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांचा संताप मी समजू शकतो. तिथला आरोपी सज्ञान होता. 2022 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण अशा गर्दीत वयाचा प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, हेही खरंच. 2015 च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली ती दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरच्या अशाच दबावाखाली. फाशीची बंदी मात्र त्यातही शाबूत राहिली.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, कारंजा भागात पारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या आहेत. जन्माची नोंद नाही, शाळेत तारीख मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, अशी मुलं तिथे कमी नाहीत. वर्ध्याच्या वकील मंडळींना म्हणूनच सांगणं आहे: असा पोरगा पहिल्या रिमांडला उभा राहील, त्याच दिवशी शाळेचा दाखला मागवा.