अडलेल्याला किती सांगावे?

संगणकावरच्या साहसखेळांत मारामारी थोडी, कोडी फार. ‘झॉर्क’मध्ये तर चित्रही नव्हते. ‘दिवा घे’ असे टंकायचे. अंधारात भटकलात, की ग्रू नावाचा प्राणी खाई! अडलेल्यांसाठी १९८२च्या सुमारास अमेरिकेत ‘इन्व्हिजिक्लूज’ पुस्तिका निघाल्या. प्रश्न छापील, उत्तरे अदृश्य शाईत. खास पेन फिरवले की ओळ उमटे: पहिली नुसता इशारा, पुढची जरा स्पष्ट, शेवटची सरळ उत्तर. काही प्रश्न चक्क खोटे असत, नाहीतर प्रश्न वाचूनच कथानक कळले असते. बेल्ह्याची आजीही ‘हरलो म्हण’ म्हटल्याशिवाय कोडे फोडत नाही. आज पूर्ण उत्तर क्षणात मिळते. म्हणून एकच ओळ वाचावी, बाकीचे झाकावे आणि पुन्हा खेळाकडे वळावे.