उसन्या दगडांची दिल्ली

महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. वैष्णोदेवी किंवा हरिद्वार आटोपून परतीच्या गाडीआधी एक मोकळा दिवस हाताशी उरतो. मग 'दिल्ली दर्शन'ची बस गाठायची आणि संध्याकाळपर्यंत कुतुबमिनार, लोटस टेंपल, राजघाट, लाल किल्ला, इंडिया गेट उरकून रात्री करोलबागेत खरेदीला सुटायचं. याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सुट्टी मोजकी असते आणि बरोबर म्हातारी माणसं, लेकुरं असतात. पण बसमधला गाइड प्रत्येक थांब्यावर तीनच गोष्टी सांगतो: कोणी बांधलं, कधी बांधलं, किती उंच आहे. दिल्लीत एवढ्यावर भागत नाही. हा दगड इथे येण्याआधी कुठे होता आणि इथलं काय, कोणी उचलून नेलं, हे विचारलं की हे शहर बोलू लागतं. दिल्लीवर राज्य केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आधीच्याचं सामान वापरलं आहे. त्यात आपणही आलो.

कुतुबमिनारपासूनच सुरुवात करू. साडेबहात्तर मीटरचा तो मनोरा पाहताना मान अवघडते, म्हणून बहुतेक जण त्याच्या शेजारची मशीद नीट बघतच नाहीत. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या पूर्व दरवाजावरचा फारसी शिलालेखच सांगतो, की सत्तावीस देवळांचं साहित्य या बांधकामाला वापरलं. लेख वाचता आला नाही तरी बिघडत नाही, खांब बोलतात. कुठे साखळीला लटकणाऱ्या घंटा, कुठे पूर्णघट, कुठे कीर्तिमुख. काही खांबांवरच्या आकृतींचे चेहरे छिन्नीने उडवलेले आहेत, काहींचे राहून गेले आहेत. एका खांबाची उंची पुरेना म्हणून दोन वेगवेगळे खांब एकावर एक चढवले आहेत. सांधा शोधला की सापडतो. हे पाहून कुणाला राग येतो, कुणी घाईने नजर वळवतो. दोन्ही न करता तिथे दहा मिनिटं उभं राहावं. कारागीर इथलेच होते आणि नव्या मालकाची कमान त्यांनी जुन्याच पद्धतीने, दगड पुढे सारत सारत उभी केली. खरी कमान बांधायची रीत रुळायला पुढे काही दशकं जावी लागली.

त्याच अंगणातला लोहस्तंभही मूळचा इथला नाही. चंद्र नावाच्या राजाने तो विष्णूचा ध्वज म्हणून उभारला असं त्यावरचा संस्कृत लेख सांगतो. हा राजा म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुमारे सव्वासात मीटर उंचीच्या आणि सहा टनांहून अधिक वजनाच्या या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे वर एक संरक्षक थर धरतो आणि गंज आत शिरत नाही. पाठ टेकवून मागून मिठी मारली आणि हात जुळले की नशीब उघडतं, अशी समजूत होती. त्या मिठ्यांनी स्तंभ झिजू लागला तेव्हा भोवती कुंपण घालावं लागलं. जवळच्या हिरवळीवर एक छत्री एकटीच उभी दिसते. मिनाराची दुरुस्ती करताना मेजर स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती माथ्यावर बसवली होती. ती इतकी विजोड दिसली की 1848 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने खाली उतरवली. दिल्लीत फक्त सौंदर्यदृष्टीपायी काही हटवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

दर्शनाच्या बसा जिथे सहसा थांबत नाहीत, तो फिरोजशाह कोटला मात्र मला कुतुबाहून मोठा वाटतो. क्रिकेटच्या मैदानाला लागून असलेलं हे भग्न शहर फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात वसवलं. त्याला जुन्या वस्तूंचा विलक्षण सोस होता. आजच्या हरियाणातल्या टोपरा गावी त्याने एकसंध दगडाचा, आरशासारखा गुळगुळीत स्तंभ पाहिला आणि तो दिल्लीला न्यायचं मनावर घेतलं. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने ही हलवाहलव तपशिलाने लिहून ठेवली आहे. स्तंभाच्या बुडाशी खणत गेले आणि तो शेवरीच्या कापसाच्या गाद्यांवर हळूच आडवा केला. दगडाला इजा होऊ नये म्हणून बोरू आणि कच्च्या कातड्यात गुंडाळला. बेचाळीस चाकांचा गाडा तयार केला, प्रत्येक चाकाला दोर बांधले आणि माणसांनी तो ओढत यमुनेपर्यंत नेला. तिथून मोठ्या नावांवरून दिल्ली. मग तीन मजली चौथरा बांधत बांधत स्तंभ पायरीपायरीने वर चढवला.

त्यावर काय लिहिलंय ते सुलतानाने जाणत्यांना बोलावून विचारलं. कुणालाही वाचता आलं नाही. हा स्तंभ फिरोजशाहशिवाय कुणालाच हलवता येणार नाही असं त्यावर लिहिलंय, असं सांगणारेही निघाले. दरबारी मंडळी कुठल्याही शतकात सारखीच! तो मजकूर वाचला जायला 1837 उजाडावं लागलं. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कळलं की हा सम्राट अशोकाचा लेख आहे. प्रजेशी आणि प्राण्यांशी दयेने वागा, असं तो सांगतो. अशोकाच्या अक्षरांखेरीज त्याच दगडावर बाराव्या शतकातल्या विग्रहराज चौहानाच्या विजयाचा लेखही आहे. म्हणजे फिरोजशाहच्याही आधी कुणीतरी या दगडावर आपलं नाव घालून ठेवलं होतं.

आज हा चौथरा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, पण दर गुरुवारी तिथे वेगळीच गर्दी लोटते. कोटल्याच्या तळघरांत जिन्न राहतात आणि ते अडल्यानडल्याचं काम करतात, अशी दिल्लीकरांची श्रद्धा आहे. लोक अर्ज लिहून आणतात. सरकारी कचेरीत द्यावा तसा रीतसर अर्ज, कधी सोबत फोटो, आणि एकाच अर्जाच्या अनेक झेरॉक्स, कारण कोणत्या कोनाड्यातला जिन्न आधी लक्ष घालेल याचा नेम नाही. मुलीचं लग्न, नवऱ्याची दारू, कोर्टातली तारीख. भिंती मेणबत्त्यांच्या काजळीने काळ्या झाल्या आहेत, उदबत्त्यांचा धूर कोंदलेला असतो, फटींमधून नाणी आणि घड्या घातलेले कागद डोकावतात. अर्जदारांत हिंदू असतात, मुसलमान असतात. अशोकाचं फर्मान सोळा शतकांनी परक्या गावी आणून रोवलं आणि आता त्याच्या पायाशी लोक आपापले अर्ज ठेवतात. या शहराची सगळी रीत इथे एका जागी बघायला मिळते.

कोटल्याचे दगड तरी कुठे राहिले? पुढच्या दिल्ल्या बांधणाऱ्यांनी ते नेले. हुमायूनच्या मकबऱ्याची कथा त्या मानाने सुखाची आहे. तो पाहून या, सुरेखच आहे. आगा खान ट्रस्टने कित्येक वर्षं खपून त्याच्या गच्चीवरचं मागच्या शतकातलं सिमेंट-काँक्रीट खरवडून काढलं आणि पुन्हा चुन्याचं काम केलं. आपल्याकडे किल्ल्यांवर सिमेंट ओतणाऱ्या ठेकेदारांनी ते एकदा पाहून यावं. पण तिथून थोड्याच अंतरावर अब्दुर्रहीम खानखानाची कबर आहे, तिकडे पाय वळवा. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच हा रहीम. अहमदनगरच्या मोहिमेत आणि पुढे मलिक अंबरशी झुंजताना याच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं दख्खनमध्ये गेली. बायकोसाठी त्याने हा मकबरा बांधला आणि पुढे स्वतःही तिथेच विसावला. अठराव्या शतकात अवधचा नवाब सफदरजंग वारला तेव्हा त्याच्या मकबऱ्यासाठी रहीमच्या कबरीचा संगमरवर उचकटून नेला. अलीकडच्या दुरुस्तीनंतरही ही इमारत बाहेरून बरीचशी उघडीच दिसते आणि तेच योग्य आहे. सफदरजंगचा मकबरा त्यानंतर बघितला तर त्यावरचा पांढरा दगड सोसत नाही. दिवस थोडे असतील तर तो वगळा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता लाल किल्ला. 1648 मध्ये शाहजहान या किल्ल्यात राहायला आला. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांवरचं नक्षीकाम पाहून लोक पुढे सरकतात. त्यांनी एकदा छताकडे पाहावं. आजचं छत रंगवलेल्या लाकडाचं आहे. मूळ छत चांदीने मढवलेलं होतं. 1739 मध्ये नादिरशहाने याच महालातलं मयूर सिंहासन इराणला नेलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. चांदीचं छत 1760 मध्ये आपल्या भाऊसाहेबांनी उतरवलं, हे मात्र आपण हळू आवाजात सांगतो. सदाशिवरावभाऊंनी त्या पावसाळ्यात दिल्ली घेतली खरी, पण फौजेला द्यायला पैसा नव्हता, पुण्याहून येत नव्हता, आणि भोवतालचा मुलूख उजाड झाला होता. छताचा पत्रा काढून वितळवला आणि त्याचे रुपये पाडले. सूरजमल जाटाला हे रुचलं नाही असं सांगतात. तो भाऊंची साथ सोडून निघून गेला. जानेवारीत पानिपत झालं. चांदीमुळे पानिपत झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण रिकामा खजिना आणि दुरावलेले मित्र ही दोन्ही दुखणी त्या छताच्या गोष्टीत आधीच दिसतात.

तोच महाल पुढेही बघतो. 1788 मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने किल्ला काबीज केला आणि म्हाताऱ्या शाहआलम बादशहाचे डोळे काढले. महादजी शिंद्यांच्या फौजेने किल्ला सोडवला, गुलाम कादिरला पकडून मारलं आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्यांनी छत नेलं, त्यांच्याच माणसांनी गादी राखली. 1858 मध्ये इंग्रजांनी बहादुरशहा जफरवर खटला चालवला तोही इथेच. त्यानंतर किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडून त्यांनी बराकी बांधल्या. त्याच बराकींमध्ये 2019 पासून संग्रहालयं आहेत. चार शतकांत इतकं सोसलेलं दुसरं दालन देशात शोधून सापडायचं नाही, आणि आपली मंडळी तिथे पाच मिनिटं थांबतात, कारण बाहेर छत्ता बाजारात बांगड्या घ्यायच्या असतात.

इंग्रजांची दिल्ली लवकर उरकते, कारण ती रुंद आहे आणि उन्हात पाय चालत नाहीत. तरी एक गंमत. 1911 च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी दिल्लीला आणली आणि नव्या शहराची कोनशिलाही बसवली, ती शहराच्या उत्तरेला. पुढे जागा पसंत पडेना. मग शहर दक्षिणेला रायसीना टेकडीवर गेलं आणि कोनशिलाही उचलून तिकडे नेली. इंडिया गेट 1931 मध्ये तयार झालं. पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात पडलेल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत, त्यांत मराठी नावंही आहेत. पलीकडच्या दगडी छत्रीत जॉर्जचा पुतळा होता. 1968 मध्ये तो काढला आणि ज्या मैदानावर दरबार भरला होता तिथल्या कॉरोनेशन पार्कमध्ये व्हाइसरॉयांच्या पुतळ्यांच्या सोबतीला नेऊन ठेवला. छत्री अर्धशतकाहून जास्त रिकामी राहिली. 2022 मध्ये तिथे नेताजींचा काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला. नेताजींचा मान मोठा आहे, पण मला ती रिकामी छत्री जास्त बोलकी वाटायची. त्याच वर्षी इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत मिळवली. 2024 मध्ये संसदेच्या आवारातले गांधीजी, बाबासाहेब आणि शिवाजी महाराज यांचे पुतळेही मूळच्या जागांवरून हलवून एका ठिकाणी नेले. दिल्लीत कोणताही चौथरा कायमचा कुणाचा नसतो.

दोन जागा मात्र जिथल्या तिथेच आहेत, आणि मराठी माणसाने त्या टाळू नयेत. एक, 26, अलीपूर रोड. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचं निधन या पत्त्यावर झालं. तिथे आता उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. चैत्यभूमीवर लाखोंनी जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोडे इथे पोचतात. दुसरी, तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती, म्हणजे पूर्वीचं बिर्ला हाउस. गांधीजी शेवटचे 144 दिवस इथे राहिले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंतची त्यांची पावलं हिरवळीतल्या वाटेवर उमटवून ठेवली आहेत. ती पावलं जिथे थांबतात तिथे एक साधा स्तंभ आहे. मारेकरी आणि त्याचे बरेचसे साथीदार आपल्याच भागातले होते, हे तिथे उभं राहिल्यावर विसरता येत नाही. विसरूही नये.

मराठ्यांच्या हातून दिल्ली गेली ती जागाही शिल्लक आहे. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती फौजेला हरवलं. लढाईच्या स्मरणार्थ इंग्रजांनी उभारलेला खांब आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर आहे. बाजीरावाच्या 1737 च्या स्वारीशी नाव जोडलेल्या तालकटोऱ्याला 2025 मध्ये साहित्य संमेलन भरलं, भाषणं झाली, फेटे बांधले गेले. पटपडगंजच्या खांबाकडे कोण फिरकलं असेल, शंकाच आहे. जिंकल्याच्या जागा जशा पाहतो तशा हरल्याच्याही पाहाव्यात.

तेव्हा पुढच्या खेपेला बेत थोडा बदला. एका दिवसात पाच ठिकाणं धरण्याऐवजी दोन दिवसांत चार धरा: कुतुबची मशीद, कोटला, रहीमची कबर, लाल किल्ला. दिवस थंडीचे निवडा. उन्हाळ्यात दिल्लीचा दगड तापतो आणि मुलं रडतात. कोटल्याला गुरुवारी दुपारनंतर जा, गर्दी बघायची असेल तर. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिकीट लागत नाही. आणि लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे रेल्वेचं रिझर्व्हेशन करण्याआधी पाहून घ्या.