मुंबईत पाठ टेकायची कुठे?

अंजनगाव सुर्जीचा माणूस मुंबईला जातो तो बहुधा तीन कारणांनी. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, दुखणे घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात, नाहीतर शिक्षण-नोकरीच्या शोधात. आपली शकुंतला बंद पडली. आता एसटीने मूर्तिजापूर गाठायचे आणि तिथून मुंबईची गाडी धरायची. दादरला उतरले की नजरेत भरतात त्या उंचच उंच इमारती. पण त्यातली एकही गरिबाला विचारत नाही, की बाबा रे, रात्री पाठ कुठे टेकणार?

म्हणूनच परळची बीआयटी चाळ क्रमांक 1 प्रत्येकाने पाहावी. तिथल्या 50 आणि 51 क्रमांकाच्या दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. 1913 चे कोलंबिया, 1927 चे महाड, 1930 ची गोलमेज परिषद. घर मात्र हेच! ज्ञानाला महाल लागत नाही, पण डोक्यावर छप्पर लागतेच. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापूरला वसतिगृह काढले ते याच जाणिवेतून.

आपल्याच तालुक्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनीही हे ओळखले होते. त्यांनी देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या 14 दिवसांनी तेही गेले. पण आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या गरीब रुग्णांना आसरा मिळतो.

आणि शासन? वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना आली. नाव बाबासाहेबांचे, आणि मुंबईसाठी निवास भत्ता ठरला वर्षाला 20 हजार! म्हणजे महिन्याला 1,700 रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्या पैशात मुंबईत खोली दाखवणारा मंत्री कुणी पाहिला आहे काय?

इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारक झालेच पाहिजे. त्याचे भूमिपूजन 2015 साली झाले. पण वऱ्हाडातून शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी मुंबईत पुरेशी वसतिगृहेही उभी राहिली पाहिजेत. चैत्यभूमीवर माथा टेकवून आपण परत येतो. आपल्या लेकरांना तिथे राहून शिकायचे आहे. त्यांच्या हक्काच्या खाटेसाठी चळवळीने आता आवाज उठवलाच पाहिजे.