वनहक्क दाव्यातील पुराव्यांची यादी आणि नियम-यंत्रणेतील अटींची तपासणी

प्रस्तावना

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील वनबहुल तालुके होत. येथील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी इत्यादी जमातींच्या दृष्टीने २००६ च्या वनहक्क मान्यता कायद्याचे महत्त्व असाधारण आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवरील हक्क, चार हेक्टरच्या मर्यादेत, या कायद्यान्वये मान्य होतो. त्यासाठीचे पुरावे २००८ च्या नियमांतील नियम १३ मध्ये नमूद असून निर्णय करताना त्यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असे तेथे सांगितले आहे. दावा फेटाळला जाण्याचा अर्थ किती गंभीर असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०१९ च्या निष्कासनविषयक आदेशाने दाखवून दिले. त्यास २८ फेब्रुवारीस स्थगिती मिळाली. अशा दाव्याची प्राथमिक छाननी संगणकाकडे सोपवावयाची झाल्यास कोणत्या अडचणी उद्भवतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यादीवरील अट

नियम-यंत्रणेत, म्हणजेच रूल इंजिनमध्ये, ‘अट पूर्ण असेल तर कृती करावी’ या स्वरूपाचे नियम मूळ प्रणालीपासून वेगळे लिहिले जातात. चार्ल्स फॉर्जी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ‘रेटे’ पद्धती हा अशा अनेक यंत्रणांचा पाया असून ‘ड्रूल्स’ ही त्यांपैकी एक परिचित यंत्रणा होय. दाव्यातील क्षेत्रफळ हे एकच मूल्य असल्याने त्याची तपासणी सोपी आहे. पुरावे मात्र यादीच्या रूपात येतात, आणि खरी गुंतागुंत तेथेच आहे.

‘पुरावे नियम १३ मधील असावेत’ हे वाक्य तर्कशास्त्रातील सार्विक संख्यापक वापरून लिहिल्यास यादीतील प्रत्येक घटक तपासला जातो. मग दावेदाराने भीतीपोटी जोडलेला एखादा अनावश्यक कागदही संपूर्ण दावा बाद करतो. उलट, रिकाम्या यादीत अट मोडणारा घटकच नसल्याने एकही पुरावा नसलेला दावा उत्तीर्ण होतो! अस्तित्ववाची संख्यापक वापरल्यास एका पुराव्यावरच काम भागते. ‘एकाहून अधिक’ यासाठी मोजणीच करावी लागते. दोन पुरावे शोधणारा नियम लिहिताना ते परस्परांहून भिन्न असावेत ही अट राहून गेली, तर एकच शिधापत्रिका दोन्ही जागी बसते. दोन वर्षांच्या दोन दंडाच्या पावत्या एक पुरावा मानाव्यात की दोन, हा प्रश्न मात्र संगणकाचा नाही. प्रणालीकाराने तो परस्पर सोडवू नये.

कागदपत्रे अल्प असलेल्या कुटुंबाचा मोठा आधार म्हणजे वृद्धांचा जबाब. तो दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धाचा व लेखी असावा लागतो. या तीन अटी स्वतंत्रपणे तपासल्यास शेजारच्या तरुणाचा लेखी जबाब आणि स्वतः वृद्ध दावेदाराचे तोंडी निवेदन मिळून तिन्ही पूर्ण झाल्याचे दिसते. त्या एकाच घटकावर बांधणे आवश्यक ठरते.

‘यादीत दंडाची पावती नसल्यास दावा फेटाळावा’ हा नियम लिहिण्यास अत्यंत सुलभ, परंतु बेकायदेशीर आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार विशिष्ट कागदाचा आग्रह धरता येत नाही, आणि अशी पावती नसणे हे दावा फेटाळण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही.

अंमलबजावणीतील दोन बाबी

ड्रूल्समध्ये ‘फ्रॉम’ या शब्दाने यादी उलगडल्यास अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येक घटकामागे नियम एकदा चालतो. तीन पुराव्यांच्या दाव्याची शिफारस त्यामुळे तीनदा नोंदविली जाईल. ‘एक्झिस्ट्स’ने ती एकदाच होते. दुसरी बाब अधिक चिंताजनक आहे. दावा यंत्रणेत दाखल झाल्यानंतर यादीत नवा घटक घातला, तरी ‘अपडेट’ची आज्ञा दिल्याशिवाय यंत्रणेस सर्वसाधारणपणे बदल कळत नाही. वृद्धाचा जबाब आठवड्याने नोंदवून यादीत समाविष्ट केला, तरी पडद्यावर ‘पुरावा अपुरा’ हाच शेरा कायम राहतो.