सुट्टीतले सवंगडी

घरीच शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी कशाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्यांना तिची गरज अधिक असते. वर्षभर दुपारी गल्ली ओस असते. सवंगडी शाळेत असतात. ते मोकळे होतात मे महिन्यातच. म्हणून अशा कुटुंबाने या दिवसांत दूरचा प्रवास टाळावा. वेरूळची जैन लेणी, क्रमांक ३० ते ३४, थंडीतही पाहता येतात.

सकाळी मुलांनी आजोबांजवळ बसून दुकानाची रोजकीर्द लिहावी, उन्हात पापड वाळवावेत. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की पुढचा वेळ खेळाचाच. मुक्त विद्यालयाची दहावी वयाच्या १४ व्या वर्षापासून देता येते. तेव्हा अभ्यासाची घाई नको. हंगामाचा माल हंगामातच भरावा, हे व्यापारी घराला वेगळे सांगायला नको.