बंब येईपर्यंत

जालना जिल्ह्यातल्या खेड्यात आग लागली की विझवायला पहिली धावतात गावची पोरं. कुणी पारावर बसलेला असतो, कुणी डेअरीवर दूध घालून परतत असतो, कुणी रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी देत असतो. मंदिराच्या भोंग्यावरून हाक येते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन शब्द पडतात आणि थोड्याच वेळात वीस-पंचवीस जण पेटलेल्या गोठ्याभोवती गोळा होतात. अंगात गणवेश नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, पगाराचा तर प्रश्नच नाही. चिलीपासून जपानपर्यंत अशा तरुणांना स्वयंसेवी अग्निशामक म्हणतात, त्यांची नावं वहीत असतात. आपल्याकडे त्यांची नोंद कुठेच नाही, आणि मला वाटतं ती व्हायला हवी.

नोंद का नाही, हे पाहायला घटनेपर्यंत जावं लागतं. १९९३ मध्ये पंचायतींची आणि नगरपालिकांची कामं घटनेच्या दोन याद्यांत मांडली गेली. शहरांच्या १८ विषयांत सातवा विषय अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या यादीत २९ विषय आहेत. रस्ते, पिण्याचं पाणी, वाचनालयं, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. आग नाही. जालना जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाख लोक मोजले गेले आणि त्यांतले पाचात चार खेड्यांत राहत होते. ग्रामीण भागात बंब २० मिनिटांत पोचावा असं देशपातळीवर धरलेलं प्रमाण आहे. जालना शहरापासून मंठा पन्नास किलोमीटरहून दूर आहे आणि मंठ्याहून आडवळणाची गावं त्याच्याही पुढे. बंबावरचे लोक जिवाच्या कराराने येतात, पण गवताचा गोठा २० मिनिटं उभा राहत नाही.

इथे जळतं काय, हे कळल्याशिवाय या पोरांचं कसब कळत नाही. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू होते. भाव चढेल या आशेनं शेतकरी कापूस घरातच ठेवतो. एका खोलीत छतापर्यंत कापूस आणि पलीकडच्या खोलीत चूल किंवा गॅस. सोयाबीनच्या सुड्या शेतात. उन्हाळ्याच्या तोंडाला ज्वारी निघते आणि कडब्याच्या गंज्या गोठ्याला खेटून उभ्या राहतात. अंबड-घनसावंगीकडच्या गोदाकाठच्या पट्ट्यात ऊस. वाऱ्यानं वरच्या तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणगी वाळलेल्या पाचटावर पडली की पाहता पाहता फड पेटतो.

यांत सगळ्यात फसवा कापूस. तो भडकतो त्याहून अधिक धुमसतो. वरची ज्वाळा विझली तरी पोटात विस्तव तसाच राहतो. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा नैसर्गिक थर असतो, त्यामुळे वरून ओतलेलं पाणी आत न मुरता ओघळून जातं. म्हणून ढीग दाताळ्यानं फोडायचा, उघड्यावर ओढायचा, पातळ पसरून भिजवायचा आणि त्यानंतरही तासन् तास राखण ठेवायची. गंजीचा हिशेब वेगळा. पेटलेल्या गंजीवर पाणी घालत बसणं म्हणजे ते वाया घालवणं. ती गेली असं समजून शेजारची गंजी आणि गोठ्याचं छप्पर भिजवायचं. हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक असतं. पेटतं आहे तिथेच पाणी मारावंसं वाटतं, आणि तो मोह आवरायला पोरांना वेळ लागतो.

गोठ्यात मात्र आधी जनावरं. "गाठ सोडत बसू नका, दावी कापा!" हीच पहिली आरोळी असते. घाबरलेली म्हैस आगीत पाय रोवून उभी राहते. डोळ्यांवर पोतं टाकून, वाऱ्याच्या उलट बाजूला नेऊन लांब बांधावी लागते, कारण मोकळी सोडली तर सवयीनं ती पुन्हा गोठ्याकडेच वळते.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. पाणी विहिरीत आणि मोटर विजेवर. शेतीची लाइट पाळीपाळीनं येते. आग लागली तेव्हा ती असेलच असं नाही. असली, तरी आगीत तारा लोंबत असतील तर डीपीवरून (रोहित्रावरून) पुरवठा तोडल्याशिवाय पाण्याचा थेंब मारणं जिवावरचं काम. आणि पुरवठा तोडला की त्याच डीपीवरची मोटरही बंद. इथेच जालन्याच्या फळबागांचं एक यंत्र कामाला येतं: ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कडवंची गाव द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी राज्यभर ओळखलं जातं. बागांच्या अशा गावांत ब्लोअर किंवा एचटीपी पंप असतोच. त्याची टाकी साधारण ६०० लिटरची. पंप ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालतो, विजेशी त्याचा संबंध नाही. लांब पाइप आणि हातात गन घेतली की बोळातही पाणी पोचतं. मात्र ब्लोअरचा पंखा बंदच ठेवावा लागतो, नाहीतर आगीला आयता भाता मिळतो. टाकीत औषधाचा अंश राहिलेला नको, हेही पाहावं लागतं. ६०० लिटर फार वेळ पुरत नाहीत. म्हणून मागून पाण्याचा टँकर लागतो आणि त्याच्याही मागे शेततळं. दुष्काळात गावोगाव पाणी वाहून या जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांचा हात या कामात बसलेला आहे. अरुंद वाटेवर, अंधारात, भरलेला टँकर मागे घेणारा विशीतला मुलगा हा या सगळ्या व्यवस्थेतला फार मोलाचा माणूस आहे.

उसाच्या फडात पाण्याचा उपयोग बेताचाच. तिथे वारा पाहून, आगीच्या पुढे पुरेसं अंतर राखून, कोयत्यानं पट्टा मोकळा करायचा किंवा ट्रॅक्टर घालून माती उघडी करायची. बांधावरचं गवत कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपायचं. वारा फिरला तर बाहेर पडायची वाट कुठली, हे आत शिरण्याआधी ठरलेलं असावं. बहुतेक वेळा ते ठरलेलं नसतं.

माझी काळजी इथे आहे. धाडसाची वाण नाही, पण धाडसाला जे शिक्षण लागतं ते मिळालेलं नाही. पोरं घरात असतात तशीच धावतात, अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. हे कापड वितळून कातडीला चिकटतं. त्यापेक्षा जाड सुती सदरा कितीतरी बरा. धुमसत्या कापसाच्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तोंडाला ओला रुमाल बांधून तो अडत नाही. गळक्या गॅसच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकून रेग्युलेटर बंद करता येतो, पण आगीत तापलेल्या टाकीजवळ जायचंच नाही. या गोष्टी शिकायला एक दुपार पुरते. ती दुपार कुणी त्यांना दिलेली नाही.

सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत उभं राहिलेलं होमगार्ड दल आजही स्वयंसेवकांचंच आहे. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात ग्राम रक्षक दलाची तरतूद आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनवर गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप जातो. चोरी, बिबट्या, आग, सगळ्यांसाठी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपदा मित्र योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांपासून सुरू झाली, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत गेली. वय १८ ते ४०, प्रशिक्षण १२ दिवसांचं, सोबत साहित्याची पिशवी आणि विमा. आता युवा आपदा मित्र योजनेत एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइड आणि नेहरू युवा केंद्रांतले दोन लाखांहून अधिक तरुण घडवायचे आहेत. यात मुली येतील, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. गावातल्या आगीत हंडे-घागरींची रांग आजही बायकाच धरतात, पण पाइप कुणी त्यांच्या हाती देत नाही. मात्र मुळात आपदा मित्र योजना पुराच्या विचारातून आली. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावाला होडीपेक्षा दाताळं आणि गन जास्त वेळा लागते.

चिलीमध्ये अग्निशमन पूर्णपणे स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे; वाल्पाराइसो बंदरात मोठी आग लागल्यावर १८५१ मध्ये त्याची सुरुवात झाली. जपानमध्ये गावोगावच्या दलांत सात लाखांहून अधिक माणसं आहेत, आपापली नोकरी-शेती सांभाळून. जर्मनीत तर दहा-बारा वर्षांची मुलं सरावाला येतात. या सगळ्यांनी शेजाऱ्याच्या मदतीला धावण्याच्या वृत्तीला सराव, साहित्य आणि विमा यांची जोड दिली. वृत्ती आपल्याकडेही आहे.

एक अडचण मात्र आपलीच. कापूस-ऊस जळण्याच्या दिवसांतच अनेक गावांतले तरुण बाहेर असतात. कुणी ऊसतोडीला, कुणी छत्रपती संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या कारखान्यात. ते हमखास परततात ते १४ एप्रिलला, भीमजयंतीला. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ मध्ये या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या जहाजावर स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गासड्या होत्या, आणि गासड्याच आधी धुमसल्या होत्या. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. शहरांत प्रात्यक्षिकं होतात. त्यांतलं एकेक प्रात्यक्षिक बदनापूर, जाफराबाद, परतूरच्या खेड्यात न्यावं: शाळेच्या मैदानात टाकाऊ कडबा पेटवावा, एनएसएसच्या मुलामुलींच्या हाती गन द्यावी, लाइनमनला बोलावून डीपी कोण आणि कधी पाडणार ते ठरवावं, ब्लोअर-टँकरवाल्यांचे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावेत. आणि पुढच्या ग्रामसभेत, जे धावून येतात त्यांची नावं वहीत लिहावीत.