दाबलेल्या हवेचे कार्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या आणि पुढे चाकणच्या परिसरात जी कारखानदारी विस्तारली, तिच्यात नट आवळणाऱ्या गनपासून रंगाच्या फवाऱ्यापर्यंत शेकडो कामे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालत असूनही, वायूच्या कार्याविषयीचे काही समज अद्याप दुरुस्त व्हावयाचे आहेत.

गैरसमज : कॉम्प्रेसर तापतो तो घर्षणाने.

वस्तुस्थिती : घर्षणाचा वाटा अल्प असतो. वायूचे आकारमान घटविताना त्याच्यावर जे कार्य होते, ते उष्णतेला बाहेर पडण्यास अवसर न मिळाल्यास त्याच्या आंतरिक ऊर्जेत जमा होते. आणि म्हणूनच २७ अंश सेल्सिअसची हवा १ बारवरून ८ बारपर्यंत एका दमात दाबली, तर घर्षण शून्य धरूनही ती सुमारे २७० अंशांपर्यंत तापते.

गैरसमज : आरंभ आणि अखेर सारखी असली की कार्यही सारखेच.

वस्तुस्थिती : कार्य मार्गावर अवलंबून असते. टाकीत अखेरीस तीच २७ अंशांची, ८ बारची हवा भरावयाची असली, तरी आदर्श हिशेबाने दर किलोग्रॅमला एका टप्प्यात सुमारे २४५ किलोज्यूल, मध्ये हवा निवविणारा इंटरकूलर घालून दोन टप्प्यांत २०९, आणि तापमान सतत स्थिर राखता आले तर केवळ १७९ किलोज्यूल कार्य लागते.

गैरसमज : खर्च केलेले कार्य टाकीतील हवेत साठून राहते.

वस्तुस्थिती : आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर ठरते, सबब टाकीत निवालेल्या हवेची आंतरिक ऊर्जा बाहेरच्या तितक्याच हवेहून फारशी अधिक नसते, कार्याची रक्कम उष्णतारूपाने केव्हाच बाहेर गेलेली असते, आणि दाबामुळे उरते ती कार्य करण्याची पात्रता. गन चालविताना हवा हे कार्य स्वतःच्या आंतरिक ऊर्जेतून करते, म्हणूनच तिच्या तोंडातून सुटणारी हवा हाताला गार लागते.

गैरसमज : वायू प्रसरण पावला की उपयुक्त कार्य झालेच.

वस्तुस्थिती : जेम्स ज्यूलने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाबलेली हवा निर्वात पात्रात सोडली, तेव्हा भोवतालच्या पाण्याचे तापमान बदललेले आढळले नाही, कारण ढकलण्यास समोर काहीच नसल्याने तेथे कार्य शून्य होते. सैल कपलिंगमधून फुसफुसणारी हवा वातावरणाला मागे सारते खरी, परंतु ना नट आवळते, ना सिलिंडर हलविते; तिच्यावर वेचलेली वीज मात्र मीटरवर पुरती नोंदली गेलेली असते. म्हणून शिफ्ट सुटून यंत्रे थांबली की हवेच्या लाइनीवरून कान देऊन फिरावे आणि गळती त्याच दिवशी बुजवावी, हाच या शास्त्राचा कारखान्याला सर्वांत स्वस्त लाभ आहे.